टॅब्लोकडून पॉवर बीआयकडे : डेटा विश्लेषकाचा साधनबदल आणि व्याख्यांचा प्रश्न

बीजशब्द : बिझनेस इंटेलिजन्स, डेटा विश्लेषक, टॅब्लो, पॉवर बीआय, छेद, व्याख्या-नोंदवही

प्रस्तावना

महाविद्यालय असो, पतसंस्था असो की खासगी कंपनी, आज कोणत्याही निर्णयाच्या अगोदर आकडा मागितला जातो. निरनिराळ्या नोंदींमधून हे आकडे गोळा करून ते तक्ते, आलेख आणि डॅशबोर्ड यांच्या रूपाने समोर ठेवणाऱ्या संगणकीय साधनांना बिझनेस इंटेलिजन्स साधने, संक्षेपाने बीआय साधने, असे संबोधण्यात येते. टॅब्लो, पॉवर बीआय, क्लिक ही त्यांतील परिचित नावे होत. एखादी संस्था वर्षानुवर्षे एक साधन वापरते आणि पुढे खर्चाच्या किंवा धोरणाच्या कारणास्तव दुसरे स्वीकारते. असा बदल झाला की त्याचा सर्वाधिक भार पडतो तो तेथील डेटा विश्लेषकावर.

प्रस्तुत लेखास निमित्त झाले ते एका माजी विद्यार्थ्याच्या दूरध्वनीचे. पारशिवनी तालुक्यातील एका खेड्यातून येऊन वाणिज्य शाखेची पदवी घेतलेला हा विद्यार्थी नागपुरातील एका खासगी संस्थेत डेटा विश्लेषक आहे. संस्थेने टॅब्लो सोडून पॉवर बीआय घेण्याचे ठरविले आणि जुने चाळीसेक अहवाल नव्या साधनात उतरविण्याचे काम त्याच्याकडे आले. पहिलाच अहवाल सादर झाल्यावर तो म्हणाला, “सर, आलेख हुबेहूब तोच आला, पण आकडा जुळत नाही. साहेब म्हणतात, नवीन रिपोर्ट चुकला.” त्याचा परिवीक्षा कालावधी अद्याप संपलेला नव्हता, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

त्याच्या अहवालात गणिती चूक नव्हती. मग आकडा का बदलला? या एका प्रश्नाचे स्पष्टीकरण हाच या लेखाचा विषय आहे. आलेख एका साधनातून दुसऱ्या साधनात नव्याने काढता येतो. त्यामागील व्याख्या मात्र आपोआप येत नाही. ती जुन्या फाइलच्या एखाद्या सूत्रात दडलेली असते आणि पुष्कळदा संस्थेतील कोणालाही तिची जाणीव नसते. नॅक, एआयएसएचई आणि विद्यापीठ यांना दरवर्षी आकडे पुरविणाऱ्या आपणा प्राध्यापकांनाही हा प्रश्न परका नाही.

साधनांची पार्श्वभूमी

बिझनेस इंटेलिजन्स ही संज्ञा आजच्या अर्थाच्या जवळ नेणारा लेख आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५८ साली लिहिला. १९८९ च्या सुमारास हॉवर्ड ड्रेसनर यांच्यामुळे ती व्यवसायजगतात रूढ झाली. टॅब्लोचा उगम स्टॅनफर्ड विद्यापीठातील पोलॅरिस या संशोधन-प्रकल्पात आहे. माहितीकोशाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर थेट चित्रातच मिळावे, ही त्यामागील कल्पना. २००३ साली ख्रिस स्टोल्टे, पॅट हॅनरॅहन आणि ख्रिश्चन शाबो यांनी कंपनी स्थापन केली आणि २०१९ मध्ये ती सेल्सफोर्सने विकत घेतली.

पॉवर बीआयचा जन्म याउलट एक्सेलच्या घरात झाला. एक्सेल २०१० सोबत आलेले पॉवर पिव्हट आणि त्याची डॅक्स ही सूत्रभाषा, त्यानंतर आलेले पॉवर क्वेरी, आणि हे सर्व एकत्र आणून जुलै २०१५ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले पॉवर बीआय, असा हा क्रम आहे. पॉवर बीआय डेस्कटॉप हा भाग विनामूल्य मिळतो. मात्र तो केवळ विंडोज संगणकावर चालतो आणि अहवाल इतरांशी सामायिक करण्यासाठी सामान्यतः सशुल्क परवाना लागतो.

ज्या कार्यालयात मायक्रोसॉफ्टचे ऑफिस आधीपासूनच आहे, तेथे हिशेब विभागाला दुसऱ्या कंपनीचे वेगळे बिल नकोसे वाटते. साधनबदलाचे निर्णय बहुधा अशाच कारणांनी होतात, आलेख अधिक सुंदर दिसतात म्हणून नव्हे. विश्लेषकाचे मत त्या वेळी विचारले जातेच असे नाही.

दोन विचारपद्धती

दोन्ही साधने दिसायला सारखी असली तरी त्यांचा आरंभबिंदू भिन्न आहे. टॅब्लोमध्ये काम चित्रापासून सुरू होते. शाखा हे क्षेत्र ओळींमध्ये ओढले, विद्यार्थी-संख्या स्तंभांमध्ये ओढली, की शाखानिहाय बेरीज तत्काळ दिसते. कोणत्या पातळीवर बेरीज करायची हे पटलावर कोणती क्षेत्रे ठेवली आहेत यावरून ठरते. गुणपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर घेऊन कधी शाखेनुसार, कधी गावानुसार ढीग पाडत जावे, तसा हा प्रकार आहे.

पॉवर बीआयमध्ये प्रथम तक्त्यांची रचना करावी लागते. विद्यार्थ्यांचा तक्ता वेगळा, परीक्षांचा वेगळा, दिनांकांचा वेगळा, आणि त्यांना जोडणारे समान क्रमांक. विदर्भातील शाळांच्या दाखल-खारीज रजिस्टरची ज्यांना सवय आहे त्यांना हे लवकर उमगेल. तेथील अनुक्रमांक हाच विद्यार्थ्याचा कायमचा पत्ता. हजेरी, फी, निकाल या सर्व वह्या त्या क्रमांकाने एकमेकींना ओळखतात. पॉवर बीआयमधील मोजमापे, ज्यांना मेजर म्हणतात, ती अशा रचनेवर डॅक्समध्ये लिहिली जातात. प्रत्येक मोजमाप त्या क्षणी लागू असलेल्या गाळण्या, म्हणजे फिल्टर, पाहून आपले उत्तर बदलते. यास फिल्टर संदर्भ असे म्हणतात. टॅब्लोतून आलेला विश्लेषक सर्वाधिक अडखळतो तो येथेच.

दोहोंपैकी श्रेष्ठ कोणते, हा वाद निष्फळ आहे. प्रस्तुत लेखकाला मात्र पॉवर बीआयची सक्ती एका दृष्टीने हितकारक वाटते. रचना आधी करावी लागत असल्याने माहितीतील गोंधळ लवकर उघडकीस येतो. टॅब्लोमध्ये चित्र इतके चटकन आणि देखणे उभे राहते की खालच्या माहितीकडे वळून पाहण्याचे राहून जाते. अर्थात टॅब्लोतही २०२० पासून तक्त्यांमधील संबंध मांडण्याची सोय आली आहे, त्यामुळे हा भेद पूर्वीइतका तीव्र राहिलेला नाही.

छेदाचा प्रश्न

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक काल्पनिक महाविद्यालय घेऊ. कला शाखेत १२०, वाणिज्य शाखेत ६० आणि विज्ञान शाखेत २० असे एकूण २०० विद्यार्थी परीक्षेला बसले. एकूण विद्यार्थ्यांत कला शाखेचा वाटा ६० टक्के, वाणिज्य शाखेचा ३० टक्के आणि विज्ञान शाखेचा १० टक्के. आता अहवालात फिल्टर लावून विज्ञान शाखा वगळली. कला शाखेचा वाटा किती?

याची दोन उत्तरे संभवतात. छेद २०० च ठेवला तर ६० टक्के. छेद उरलेल्या दोन शाखांचा, म्हणजे १८० धरला, तर ६६.६७ टक्के. टॅब्लोमध्ये छेद ‘फिक्स्ड’ या सूत्राने काढला असेल तर सामान्य फिल्टरचा त्यावर परिणाम होत नाही, कारण टॅब्लोच्या कार्यक्रमात हे सूत्र त्या फिल्टरच्या अगोदर सोडविले जाते. उत्तर ६० येते. तोच फिल्टर ‘कॉन्टेक्स्ट फिल्टर’ केला की उत्तर ६६.६७ होते. पॉवर बीआयमध्ये तयार मेनूतून एकूणाची टक्केवारी मागितली तर फिल्टर छेदालाही लागू होतो आणि ६६.६७ मिळतात. डॅक्स सूत्रात शाखेवरील फिल्टर ‘ऑल’ने उठविला तर ६०, वापरकर्त्याची निवड राखणारे ‘ऑलसिलेक्टेड’ लिहिले तर पुन्हा ६६.६७.

याचा अर्थ एक साधन बरोबर आणि दुसरे चूक असा होत नाही. दोन्ही साधने दोन्ही उत्तरे देऊ शकतात. कोणते उत्तर हवे आहे हे कोणीतरी केव्हातरी ठरविले होते आणि तो निर्णय एका शब्दाच्या रूपाने जुन्या फाइलमध्ये राहिला होता. माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. विक्रीतील विभागनिहाय वाट्याच्या अहवालात बंद पडलेला एक विभाग फिल्टरने गाळलेला होता आणि जुना छेद मात्र त्या विभागासह होता. जुन्या अहवालातील वाट्यांची बेरीज शंभर भरत नव्हती, हे इतक्या वर्षांत कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

छेद बदलला की देशाचा आकडाही बदलतो. उच्च शिक्षणातील सकल नोंदणी गुणोत्तर आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच्या अंशस्थानी प्रवेशित विद्यार्थी आणि छेदस्थानी १८ ते २३ वयोगटातील लोकसंख्या असते. एआयएसएचईच्या २०१९-२० च्या अहवालात हे गुणोत्तर २७.१ दिले होते. पुढील, म्हणजे २०२०-२१ च्या अहवालात २०११ च्या जनगणनेवर आधारित लोकसंख्या-अंदाज छेदासाठी घेण्यात आले. त्यानुसार २०२०-२१ चे गुणोत्तर २७.३ आले आणि त्याच मापाने २०१९-२० चे २५.६ ठरले. एकाच वर्षाचे दोन आकडे, आणि दोन्ही अधिकृत. जुन्या अहवालातील २७.१ शेजारी नव्या अहवालातील २७.३ ठेवणाऱ्यास वाढ अवघी ०.२ दिसेल, एकाच मापाने मोजणाऱ्यास ती १.७ दिसेल. परिसंवादांतील शोधनिबंधांत हे दोन आकडे आजही निःशंकपणे एका रेषेत मांडलेले आढळतात.

सरासरीची सरासरी

याच जातीची दुसरी चूक महाविद्यालयांत अधिक घडते. वरील उदाहरणात कला शाखेचे ६०, वाणिज्य शाखेचे ४५ आणि विज्ञान शाखेचे १९ विद्यार्थी उत्तीर्ण झाले असे मानू. शाखानिहाय निकाल अनुक्रमे ५०, ७५ आणि ९५ टक्के. या तिन्हींची सरासरी ७३.३३ टक्के येते. प्रत्यक्षात २०० पैकी १२४ विद्यार्थी उत्तीर्ण आहेत, म्हणजे निकाल ६२ टक्के आहे. वीस विद्यार्थ्यांच्या शाखेला एकशेवीस विद्यार्थ्यांच्या शाखेइतकेच वजन दिल्याचा हा परिणाम.

एका महाविद्यालयातील समितीचे काम करीत असताना प्रस्तुत लेखकाने एक्सेलमधील निकालपत्रके पॉवर बीआयमध्ये आणली, तेव्हा असाच प्रकार समोर आला. जुन्या एक्सेल तक्त्यात प्रत्येक विभागाने कळविलेल्या टक्केवारीची सरासरी काढलेली होती. नव्या साधनात मूळ विद्यार्थीनिहाय नोंदींवरून उत्तर आले आणि ते बरेच खाली होते. सहकाऱ्यांची पहिली प्रतिक्रिया स्वाभाविक होती : सॉफ्टवेअर चुकले. खरी अडचण ही होती की जुना आकडा वार्षिक अहवालात छापून झाला होता. मी स्वतः त्या अहवालाच्या संपादक मंडळात होतो आणि तो तक्ता मी तपासला नव्हता.

नॅकच्या २०१७ मध्ये आलेल्या सुधारित चौकटीत संख्यात्मक निकषांवर मोठा भर देण्यात आला आणि महाविद्यालयाने भरलेल्या आकड्यांची डीव्हीव्ही प्रक्रियेत पडताळणी होऊ लागली. तेथील उत्तीर्णतेच्या निकषात अंतिम वर्षाचे विद्यार्थी विचारात घेतले जातात. विभागाच्या फलकावरचा निकाल सर्व वर्षांचा असू शकतो. हे दोन आकडे वेगळे असणे गैर नाही. ते एकाच नावाने वावरतात, ही अडचण आहे.

रिकाम्या जागा, गावांची नावे आणि सत्र

आता काही लहान दिसणाऱ्या, पण विश्लेषकाचे दिवस खाणाऱ्या बाबी. टॅब्लोमधील ‘काउंटडी’ हे भिन्न मूल्ये मोजणारे सूत्र रिकाम्या जागा मोजत नाही. डॅक्समधील ‘डिस्टिंक्टकाउंट’ रिकामी जागा हेही एक मूल्य धरते. २०० विद्यार्थ्यांच्या यादीत तिघांचे पीआरएन भरलेले नसतील, तर पहिले सूत्र १९७ सांगेल आणि दुसरे १९८. एका विद्यार्थ्याचा हा फरक शोधण्यात आठवडा गेल्याची उदाहरणे आहेत. ‘डिस्टिंक्टकाउंटनोब्लँक’ वापरले की आकडा जुळतो; पण मग ते तीन विद्यार्थी दोन्ही साधनांत गणतीबाहेर राहतात, आणि हा मूळ प्रश्न आकडा जुळल्याच्या आनंदात विसरला जातो.

गावांच्या नावांचा अनुभव तर आपल्या दारातला आहे. पारशिवनी हे नाव देवनागरीत पारशिवनी, पारशिवणी आणि पारसिवनी असे लिहिलेले आढळते, आणि रोमन लिपीतील सरकारी कागदपत्रांत ‘पारसिओनी’ असे वाचले जाणारे जुने वर्णलेखनही चालू आहे. संगणकाच्या दृष्टीने ही चार गावे आहेत. टॅब्लोमध्ये कोणीतरी कधीतरी या नावांचा एक गट करून ठेवलेला असतो. तो गट त्या वर्कबुकमध्येच राहतो. नव्या साधनात मूळ माहिती जोडली की तालुक्याचे विद्यार्थी चार ठिकाणी विखुरतात आणि तालुक्याची संख्या घटल्याचा भास होतो. रोमन अक्षरांबाबत आणखी एक भेद आहे. पॉवर बीआयचे मुख्य माहिती-इंजिन लहान-मोठ्या लिपीतील अक्षरे एकच मानते, तर त्याच्याच पॉवर क्वेरीत ती वेगळी मानली जातात. ज्यांनी कृतिदेव किंवा श्रीलिपीमधील मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे फुटलेली पाहिली आहेत, त्यांना डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाला सारखे नसतात हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

वर्षाची व्याख्याही अशीच फसवी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या परीक्षा हिवाळी आणि उन्हाळी अशा नावांनी ओळखल्या जातात. हिवाळी २०२३ आणि उन्हाळी २०२४ या एकाच शैक्षणिक सत्रातील. पण दिनांकावरून केवळ वर्ष काढले तर हिवाळी २०२३ ची गाठ उन्हाळी २०२३ शी, म्हणजे आधीच्या सत्राशी पडते. टॅब्लोमध्ये दिनांक-क्षेत्राच्या गुणधर्मात वर्षाचा आरंभमास बदलता येतो. पॉवर बीआयमध्ये त्यासाठी स्वतंत्र दिनदर्शिका-तक्ता करून त्यात शैक्षणिक सत्राचा रकाना लिहिणे हा रूढ मार्ग आहे. जुन्या फाइलमधील ती एक निवड नजरेतून सुटली, की सर्व वर्षांचे निकाल एकदम सरकतात.

विश्लेषकाच्या पदरी काय राहते

साधनबदलात विश्लेषकाचे नुकसान केवळ वेळेचे नसते. ज्या साधनात तो वाकबगार म्हणून ओळखला जात होता, तेथून तो पुन्हा पहिलीच्या वर्गात बसतो आणि त्याच काळात त्याच्या कामाची सर्वाधिक तपासणी होते. नवीन आकडा वेगळा आला की दोष नव्या साधनाचा किंवा नव्या माणसाचा. जुना आकडा चुकीचा असू शकतो, ही शक्यता शेवटी विचारात घेतली जाते. माझा विद्यार्थी सुरुवातीला जुना आकडा येईपर्यंत सूत्रे बदलत बसे. हा मार्ग सोपा आहे, आणि अशाने जुनी चूक नव्या साधनात अधिक पक्की होते.

त्याच्याजवळ टिकून राहिले ते एसक्यूएल, माहितीची ओळख आणि नेमका प्रश्न विचारण्याची सवय. पीएल-३०० सारखी पॉवर बीआयची परीक्षा नोकरीच्या अर्जात उपयोगी पडते, यात शंका नाही. परंतु आपल्या कौशल्याधारित अभ्यासक्रमांत एका सॉफ्टवेअरची बटणे शिकविण्यात सर्व तासिका खर्च कराव्यात काय, याचा विचार अभ्यास मंडळांनी करावा असे वाटते. छेद म्हणजे काय हे शिकविण्यास कोणताही परवाना लागत नाही.

महाविद्यालयात प्रयोग करू इच्छिणाऱ्यांसाठी एक सूचना येथे देणे इष्ट ठरेल. टॅब्लो पब्लिकवर प्रसिद्ध केलेले काम, तसेच पॉवर बीआयमधील ‘पब्लिश टू वेब’ या सोयीने दिलेला अहवाल, जगात कोणालाही पाहता येतो. विद्यार्थ्यांची नावे, प्रवर्ग, गुण अशा माहितीसाठी हे मार्ग मुळीच वापरू नयेत. पॉवर बीआयच्या ऑनलाइन सेवेसाठी संस्थेचे ईमेल खाते लागते, वैयक्तिक जीमेल चालत नाही. अनेक ग्रामीण महाविद्यालयांची गाडी येथेच अडते.

प्रत्यक्ष स्थलांतर

सर्व जुने अहवाल जसेच्या तसे उतरविणे हा सामान्यतः पहिला आदेश असतो आणि तो बहुधा अविचारी असतो. कित्येक अहवाल महिनोन्‌महिने कोणी उघडलेले नसतात. ते कोण पाहते हे प्रथम विचारावे. जे उरतील त्यांतील प्रत्येक आकड्यासाठी अंश काय, छेद काय, कोणते फिल्टर छेदाला लागू, रिकाम्या नोंदींचे काय, वर्ष कोठून सुरू, हे साध्या मराठीत एका नोंदवहीत लिहावे. सूत्र त्यानंतर. दोन्ही साधने काही काळ समांतर चालवावीत आणि जेथे फरक येईल तेथे त्याचे कारण व निर्णय देणाऱ्याची सही त्याच नोंदवहीत घ्यावी. सही विश्लेषकाची नसावी. ज्याला तो आकडा वापरायचा आहे त्याची असावी.

माझ्या विद्यार्थ्याने साहेबांसमोर दोन्ही उत्तरे मांडली आणि कोणता छेद अपेक्षित आहे असे विचारले. जुना अहवाल तयार करणारा कर्मचारी नोकरी सोडून गेला होता. उत्तर कोणापाशीच नव्हते. अखेर बंद विभागासह संस्थेची एकूण विक्री हाच छेद ठेवण्याचे ठरले, सूत्रात ‘ऑल’ आले आणि शीर्षकात ‘विभागाचा वाटा’ऐवजी ‘संस्थेच्या एकूण विक्रीतील वाटा’ असे शब्द घालण्यात आले. उरलेल्या अहवालांचे काम त्याच पद्धतीने सुरू आहे.

आमच्या समितीनेही अशी एक वही केली आहे. उत्तीर्णतेच्या टक्केवारीची पहिली नोंद लिहिण्यास दोन बैठका लागल्या. परीक्षेला बसलेले विद्यार्थी छेदात घ्यायचे की प्रवेशित, हे पहिल्या बैठकीत ठरले. एटीकेटी मिळालेला विद्यार्थी उत्तीर्ण धरावा काय, या ओळीपुढील रकाना अद्याप रिकामा आहे.